मागच्या बाकावरचा पाव

पर्ल लगून, २ जून १९९६

व्हर्नी,

सलाम. माझं अक्षर दिसलं तर तू पाकीट उघडायची नाहीस, म्हणून पत्ता रूबी फॉक्सच्या सुनेकडून लिहून घेतला. ती केमनला कामावर परत निघालीय, तिच्याच हाती हे देतेय. आता उघडलंच आहेस तर वाच. बहीण नऊ वर्षांनी लिहितेय, दोन कागदांपुरता तरी धीर धर.

आधी माझं रडगाणं. माझे हात गेले. म्हणजे जागेवर आहेत, पण बोटांचे सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे सुजलेत. पीठ मळायला घेतलं की डोळ्यात पाणी येतं. तेरा ऑगस्टच्या प्रीतिभोजनाला देवळात सगळ्यांना वाटायचे पाव तीस वर्षं मी एकटीनं भाजले, यंदा कसं होणार कोण जाणे. बायका मदतीला येतो म्हणतात. मी नको म्हटलं. लोरेटाच्या हातचं पीठ म्हणजे चुना.

इथं एक तमाशा झाला तो ऐक. पेंटेकॉस्टच्या रविवारी ओबेद टिंकमनं देवळाची घंटा एक तास आधी वाजवली. सगळं गाव धावतपळत आलं. मिस रूबीनं टोपी उलटी घातलेली, आणि पाळक बेंट अर्ध्या गालाला साबण लावून दारात उभे. घंटेखाली ओबेद दोरीला लटकून हसतोय, आणि रमचा वास पार तिसऱ्या बाकापर्यंत. पोरांना मजा वाटली. मला नाही वाटली. त्याची बायको लेटीशिया फेब्रुवारीत गेली, मान्य आहे. पण माणसं सगळ्यांचीच जातात, म्हणून सगळे काही घंटा बडवत नाहीत.

आता वडीलमंडळात त्याचा विषय निघालाय. ब्रदर हरमनचं म्हणणं, दोरी काढून घ्यावी आणि त्याला मागच्या बाकावर बसवावं. माझंही तेच म्हणणं. मागचा बाक म्हणजे काय ते तुला मी काय सांगायचं, तू वर्षभर बसलीस. प्रभुभोजन बंद, आणि उपासनेत हस्तांदोलनाला उजवा हातही कुणी पुढं करायचा नाही. पण व्हर्नी, मंडळीला शिस्त लागतेच.

मूळ मुद्द्यावर येते. तू गाव सोडलंस ते त्या प्रीतिभोजनातल्या पावावरून, असं मला चारचौघांकडून कळलं. त्या वर्षी लढाईमुळं पीठ मिळत नव्हतं, तुला माहीत आहे. टोपली मागच्या बाकाशी येईपर्यंत पाव संपले. तुला मिळाला नाही, तुझ्या लेकीला, डेल्सीला मिळाला नाही, मला वाईट वाटलं. पण संपले ते संपले. त्यात माझा काय दोष?

यंदा तेरा ऑगस्टला घरी ये. पीठ मळायला आले म्हण हवं तर. आईचा हात तुलाच आलाय, मला नाही, हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय.

तुझी
अझेली


पर्ल लगून, ३० जून १९९६

व्हर्नी,

रूबीच्या सुनेनं निरोप पाठवला की पत्र तुझ्या हातात दिलं. तू पाकीट उलटसुलट करून बघितलंस आणि ॲप्रनच्या खिशात ठेवलंस. फेकलं नाहीस. मी एवढ्यावरच दोन दिवस खूश होते.

उत्तर नाही आलं. ठीक आहे. मी लिहीत राहीन, मला दुसरं काम काय आहे. कोंबड्या आणि मी.

मंडळानं ओबेदची विचारपूस माझ्यावर सोपवलीय. प्रभुभोजनाआधी घरोघर जाऊन प्रत्येकाला विचारायचं, मन साफ आहे का, कुणाशी वैर आहे का. हे काम मी वीस वर्षं करतेय, आणि माझ्यासारखं कुणी करत नाही असं ब्रदर हरमन सगळ्यांसमोर म्हणाला. मी मान खाली घातली, पण आतून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

तुझी विचारपूस पण मीच केली होती. आठवतं ना? तू अंगणात मासे साफ करत होतीस. मी विचारलं, तो माणूस इथं राहतो का? तू म्हणालीस, राहतो. मी विचारलं, लग्न? तू म्हणालीस, त्याची बायको कॉर्न आयलंडला आहे, कागद झाले की करू. तू काही लपवलं नाहीस, एवढं मी तुझ्या बाजूनं म्हणेन. मी तिथून उठले ती सरळ पाळकांकडे गेले. ते माझं कर्तव्य होतं. सख्खी बहीण म्हणून सोडलं असतं तर गावानं काय म्हटलं असतं?

ती बाई त्याला चार वर्षांपूर्वीच सोडून दुसऱ्याबरोबर राहत होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे नीट माहीत नव्हतं. कानावर आलं होतं.

ब्रेडफ्रूटचं झाड यंदा लगडलंय. मोठ्या वादळात ते पडलं असं सगळे म्हणाले होते, पण बुंध्यातून परत फुटलं. तुझी ती लाकडी परात मी जपून ठेवलीय. कुणाला हात लावू दिला नाही.

उद्या किंवा परवा ओबेदकडे जाईन. त्याला चांगलं ऐकवणार आहे.

अझेली


पर्ल लगून, १६ जुलै १९९६

व्हर्नी,

ओबेदकडे जाऊन आले. जाऊन दोन आठवडे झाले. हे पत्र तीनदा लिहून चुलीत घातलं. आता चौथ्यांदा लिहितेय, आणि कसं का होईना, हेच पाठवणार आहे.

तो पायरीवर बसून कच्ची केळी सोलत होता. घरात लेटीशियाची रविवारची टोपी अजून खिळ्यावर आहे. मी खुर्ची ओढून बसले आणि सुरू केलं. दारू पितोस का? हो म्हणाला. किती दिवस? फेब्रुवारीपासून. देवळात पिऊन आलास? आलो. हो, हो आणि हो. मला वाद घालायला काही उरलंच नाही, त्यामुळं मी जास्तच चिडले. म्हटलं, पण घंटा एक तास आधी का? निदान घड्याळ तरी बघायचं.

मग तो म्हणाला, "मिस अझेली, घड्याळ तीच बघायची. तीस वर्षं ती म्हणायची, ओबेद, जा आता, आणि मी जायचो. मला घड्याळाचं कधी काम पडलं नाही. त्या दिवशी कुणी जा म्हटलंच नाही. मग वाटलं, उशीर झाला असेल."

मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसले. शिस्त, साक्ष, लहान पोरांपुढचा कित्ता, सगळं ऐकवलं. रविवारशाळेत त्या डोळ्यातल्या कुसळाचा धडा मी इतकी वर्षं शिकवला, पोरांना हसवायला डोळ्यावर लाटणं धरून दाखवायची. त्याच तोंडानं हे सगळं बोलले. त्यानं ऐकून घेतलं. केळी सोलणं चालूच.

मी उठायला लागले तेव्हा त्यानं विचारलं, व्हर्निस कशी आहे? लेकरू मोठं झालं असेल. मी म्हटलं, बरी असेल, रागावून गेली ती काही लिहीत नाही. आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, काय करणार ओबेद, त्या वर्षी पाव संपले ना.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग केळ्याकडे बघितलं. म्हणाला, "हो. असं होतं कधी कधी."

बस, एवढंच. मी घरी निघाले, पण पाय देवळाकडे वळले. आत कुणी नव्हतं. मी घंटेच्या दोरीपाशी गेले आणि तिथं जो दगड आहे, ज्यावर तो उभा राहतो, त्यावर चढले. व्हर्नी, तिथून मागचा बाक अगदी पायाशी आहे. तिथं टोपली घेऊन कुणी उभं राहिलं, तर वरून थेट टोपलीत दिसतं.

त्या दिवशी तो तिथंच उभा होता.

टोपलीत पाव होते. फडक्याखाली अकरा होते. घरी येऊन मोजले. मी तुझ्यापर्यंत आले, डेल्सीनं हात पुढं केला, आणि मी फडकं सारखं करून वळले. पीठ कमी होतं हे खरं, पण पाव संपले हे खोटं. प्रीतिभोजनाचा पाव कुणालाच नाकारायचा नसतो, मागच्या बाकाला नाही, दारातून डोकावणाऱ्या परक्याला नाही, हे मला माहीत होतं. प्रभुभोजन वेगळं आणि हे वेगळं, हा फरक मीच नव्या बायकांना शिकवायची. आपल्या मंडळीतली जुनी माणसं भांडून भांडून दमली आणि त्या एका तेरा ऑगस्टला एकमेकांची झाली, त्याची आठवण म्हणून तो पाव. आणि मी तो फडक्याखाली झाकला.

ते अकरा पाव मला खाववले नाहीत. कोंबड्यांना घातले.

का केलं ते पण सांगते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. तुझ्या पापाचा मला राग नव्हता. तू त्या बाकावर बसून डेल्सीची वेणी घालत होतीस आणि तिच्या कानात काहीतरी सांगून दोघी हसत होतात. मला वाटलं होतं तू रडशील. मी पहिल्या बाकावर पांढऱ्या झग्यात बसायची, वर्षानुवर्षं, आणि मला कधी असं हसू आलं नाही. मला तुझा हेवा वाटला, व्हर्नी. ओबेदला हे नऊ वर्षं माहीत आहे आणि त्यानं गावात एका माणसाला सांगितलं नाही. मी मात्र त्याला चांगलं ऐकवून आले.

ये असं आता म्हणत नाही. कोणत्या तोंडानं म्हणू.

अझेली


जॉर्ज टाउन, केमन, २८ जुलै १९९६

प्रिय अझेली मावशी,

मी डेल्सी. मी हे आईला न विचारता लिहितेय.

तुझी तिन्ही पत्रं आईनं वाचली. तिसरं दोनदा वाचलं आणि मग घासलेली भांडी परत घासायला बसली. बाबा म्हणाले, उत्तर दे. आई म्हणाली, बघू. आई बघू म्हणते तेव्हा काय समजायचं ते तुला माहीत असेल, मला चौदा वर्षांत कळलेलं नाही.

मला एक विचारायचंय. त्या दिवशी देवळातून बाहेर पडल्यावर दोरीवाल्या काकांनी मला हाक मारली आणि एक पाव दिला. म्हणाले, तुझ्या मावशीनं हा तुझ्यासाठी वेगळा ठेवला होता. मी तो वाटेतच खाल्ला. नारळाचा वास अजून आठवतो. आईला सांगितलं तर तिला पटलं नाही. ती म्हणाली, तुझी मावशी पाव ठेवणाऱ्यातली नाही. यावरून आम्ही दोघी नऊ वर्षं भांडतोय. तुझा विषय निघाला की मी दर वेळी म्हणते, पण मावशीनं मला पाव ठेवला होता.

आता तुझं पत्र मी पण वाचलं. मग तो पाव कुणाचा होता?

तुझी भाची
डेल्सी


पर्ल लगून, १४ ऑगस्ट १९९६

व्हर्नी आणि डेल्सी,

हे दोघींना आहे. डेल्सीला आधी.

बाळा, तो पाव माझा नव्हता. मी काही ठेवलं नव्हतं. तुझी आई बरोबर होती. तो ओबेद टिंकमच्या वाटणीचा पाव होता, त्यानं स्वतः न खाता तुला दिला आणि नाव माझं लावलं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी त्याच्याकडे जाऊन विचारलं. तो खाली बघून म्हणाला, लेकराला मावशी असावी, म्हणून सांगितलं. तू माझ्या बाजूनं नऊ वर्षं भांडलीस, आणि भांडण्याजोगं माझ्यात काही नव्हतं. आता तरी आईची माफी माग. मी पण मागतेय, आपण दोघी रांगेत उभ्या राहू.

व्हर्नी, आता तुला सांगते.

तीन तारखेला मंडळाची बैठक झाली. ब्रदर हरमन म्हणाला, सिस्टर अझेली ओबेदचा अहवाल वाचतील. मी उभी राहिले. कागद हातात होता, तो घडी घालून ठेवला आणि त्या अकरा पावांचं सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं, डेल्सीचा हात सांगितला, कोंबड्या सांगितल्या. ओबेदला मागे बसवायचं असेल तर त्याच्याआधी माझा नंबर लागतो असं म्हटलं. हरमननं घसा साफ केला आणि म्हणाला, हा विषय आजच्या यादीत नाही. पाळक बेंट म्हणाले, हरमन, हाच विषय आहे.

ओबेद बाहेर व्हरांड्यात होता, त्याला आत बोलावलं. त्याला वाटलं दोरी गेली. तो आधीच म्हणाला, माझी चूक आहे, मी पितो, माझ्याच्यानं एकट्यानं सुटत नाही. कुणीतरी मला वेळ सांगा, एवढंच हवंय. मग ठरलं ते असं: दोरी त्याच्याकडेच. रविवारी सकाळी कुणीतरी त्याच्या घरी जायचं, चहा-कॉफी घ्यायची, आणि वेळ झाली की म्हणायचं, ओबेद, जा आता. पहिले चार रविवार माझ्याकडे आलेत. दारू सुटली असं मी म्हणत नाही. गेल्या रविवारी त्याचे डोळे लाल होते. पण घंटा वेळेवर वाजली. मी आता वास घ्यायला जात नाही, वेळ सांगायला जाते.

आणि मी आपणहून मागच्या बाकावर बसते. मला कुणी सांगितलं नाही. हरमनला ते आवडलेलं नाही, तो म्हणतो लोकांना चुकीचा अर्थ लागेल. लागू दे. तिथं वारा चांगला येतो, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

काल प्रीतिभोजन झालं. पाव मी लोरेटाला आणि तिच्या सुनेला घेऊन केले, तुझ्या परातीत. चुना नव्हता, मी उगाच नावं ठेवायची. पण माझ्या हातानं काम थोडंच उरकलं, त्यात शेजारच्या हॉलओव्हर गावाहून दोन बोटी भरून माणसं आली. टोपली मी उचलली तेव्हाच दिसत होतं की पुरायचे नाहीत.

मी मागून सुरुवात केली. तीस वर्षांत पहिल्यांदा. आधी दोरीपाशी ओबेदला दिला, मग मागचा बाक, मग त्याच्या पुढचा. लोक वळून वळून बघत होते. पहिल्या बाकाशी आले तेव्हा पाव खरंच संपले. फडकं उचलून दाखवलं, व्हर्नी. हरमनला दाखवलं, त्याच्या बायकोला दाखवलं, रिकामी टोपली पाळकांपुढं धरली. पाळक हसले आणि नुसती कॉफी घेतली. हरमनचं तोंड बघायला तू हवी होतीस. मला हसू आलं, देवळात, उपासना चालू असताना. तुझ्यासारखं.

मी परत मागच्या बाकावर येऊन बसले. भजन सुरू होतं. माझ्या वाट्याला काही उरलं नव्हतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं, खरंच सांगते. तेवढ्यात ओबेद दगडावरून खाली उतरला. त्याचा पाव त्यानं खाल्लाच नव्हता. त्यानं तो मोडला, अर्धा माझ्या या वाकड्या हातात ठेवला आणि बोटं मिटून दिली, कारण ती आपसूक मिटत नाहीत.

म्हणाला, "घ्या, मिस अझेली. व्हर्निसनं तुमच्यासाठी वेगळा ठेवला होता."

खोटं आहे हे मला कळत होतं. तू केमनला आहेस, आणि तू माझ्यासाठी पाव का ठेवशील? तरी मी तो खाल्ला. सगळ्या मंडळीत बसून रडत रडत खाल्ला, आणि लोरेटाच्या सुनेनं मला तिचा रुमाल दिला.

हे पत्र रूबीच्या सुनेच्या भावाबरोबर पाठवतेय, तो गुरुवारी ब्लूफील्ड्सहून निघेल आणि महिनाअखेर परत येईल. डेल्सीच्या बाबांना, ऑल्स्टनला, माझा सलाम सांग. त्याचं नाव मी आज पहिल्यांदा लिहिलं, हेही तुझ्या लक्षात येईल.

ओबेद दर रविवारी कॉफी पिताना विचारतो, व्हर्निसचं काही आलं का. मी नाही म्हणते. तो म्हणतो, येईल. मोठं पत्र नको, माफीही लिहू नकोस. तो पाव देताना जे म्हणाला ते खरं होतं, असं मी त्याला सांगू का, तेवढं कळव.

तुझी बहीण
अझेली